माझगावची बातमी कोण लिहिणार?

डॉकयार्ड रोड स्टेशनबाहेर कुणा जुन्या माणसाला 'काका, इथे आधी काय होतं हो?' असं विचारायचं असेल तर हातात निदान तासभर ठेवा. उत्तर एखाद्या गोडाऊनपासून सुरू होतं, तिथून बोटीवर जातं, बोटीवरून संपावर, संपावरून कुणाच्या तरी लग्नावर आणि शेवटी 'त्या पलीकडच्या चाळीला पण नोटीस आली म्हणे' इथे येऊन थांबतं. आठवण कुठे संपली आणि बातमी कुठे सुरू झाली, हे ऐकणाऱ्याला कळतच नाही. माझगाव, दारूखाना, घोडपदेव, कॉटनग्रीन, शिवडी... गोदीच्या कडेने वाढलेल्या या सगळ्या वस्त्यांमध्ये गप्पांची हीच तऱ्हा आहे.

आपल्या पिढीला हा टाइमपास वाटतो. 'आमच्या वेळी' असं कुणी म्हटलं की आपण मोबाइल काढतो. पण मास कॉमच्या पहिल्याच वर्षी आम्हाला शिकवतात, की बातमी जवळची हवी, ताजी हवी आणि तिचा कुणावर तरी परिणाम व्हायला हवा. या कसोटीवर नाक्यावरच्या त्या गप्पा अगदी पक्क्या बातम्या आहेत. फक्त त्या कुणी लिहून घेत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की त्या आत्ता लिहून घ्यायला हव्यात. पाच-दहा वर्षांनी नव्हे, आत्ता.

का, ते सांगते.

१४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकीन' नावाचं जहाज उभं होतं. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं, त्यावर कापसाच्या गाठी आणि शिवाय सोनं. दुपारी आग लागली, चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला आणि साधारण अर्ध्या तासाने दुसरा. शेकडो माणसं गेली. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो, तो यामुळेच. पण मला वेगळाच तपशील महत्त्वाचा वाटतो. युद्धाचा काळ होता, सेन्सॉरशिप होती. स्फोटाचा तपशील बाहेर पाठवायला बातमीदारांना जवळपास महिनाभर परवानगी मिळाली नाही. म्हणजे मुंबईतली त्या काळातली सगळ्यात मोठी दुर्घटना जगापर्यंत पोहोचत नव्हती, तेव्हा ती डोंगरी-माझगावच्या गल्ल्यांतून तोंडोतोंडी फिरत होती. कोण सापडलं, कोण नाही, कुठलं घर उभं आहे, कुठे आसरा मिळतोय. छापील बातमी अडली, शेजाऱ्यांची नाही अडली.

'त्या दिवशी आकाशातून सोनं पडलं' ही गोष्ट या भागातल्या कुठल्याही आजोबांकडून ऐकायला मिळेल. आपण ऐकतो आणि हसतो. पण जहाजात सोन्याच्या विटा खरंच होत्या, स्फोटाने त्या खरंच दूरवर फेकल्या गेल्या, आणि पुढे कित्येक वर्षांनी डॉकमधला गाळ काढताना त्यातल्या काही सापडल्या. आजोबा थोडं मीठमसाला लावत असतील, पण मूळ गोष्ट खोटी नव्हती.

दुसरी तारीख १७ जुलै १९४७. आषाढ अमावास्या. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून जास्त माणसं बुडाली. स्वातंत्र्य महिन्याभरावर आलं होतं, त्या धामधुमीत देशाच्या आठवणीतून ही बोट लवकरच पुसली गेली. ती टिकली कुठे? अलिबागकडच्या गावांत आणि गोदीलगतच्या चाळींत. इथे अनेक घरं कोकणातली आणि भाऊचा धक्का म्हणजे त्यांचा एसटी स्टँड. धक्क्याचं नाव ज्यांच्यावरून पडलं ते भाऊ, म्हणजे लक्ष्मण हरिश्चंद्रजी अजिंक्य. हे आज मांडव्याची रो-रो पकडणाऱ्या किती जणांना माहीत असतं? गाडी बोटीत चढवायची, सेल्फी काढायचा, अलिबाग. रो-रो २०२० मध्ये सुरू झाली, छानच झालं. पण त्या धक्क्यावर शेकडो घरांनी आपल्या माणसांची वाट पाहिली होती, हे सांगणारा साधा फलक वाचूनही बोटीत चढता येईल ना?

आता कामाबद्दल. प्रिन्सेस डॉक १८८० चा, व्हिक्टोरिया १८८८ चा, आणि १९१४ चा अलेक्झांड्रा म्हणजे आजचा इंदिरा डॉक. शंभर वर्षं या गोदीने घरं चालवली. टोळ्या होत्या, मुकादम होते, पाळ्या होत्या. कामगाराच्या हातात लोखंडी हूक आणि पाठीवर गोणी. आज काम आहे की नाही, हे गेटवर उभं राहिल्यावर कळायचं. ही रोजची टांगती तलवार काढण्यासाठी कामगार झगडले, १९४८ मध्ये गोदी कामगारांच्या नेमणुकीचं नियमन करणारा कायदा आला. पी. डिमेलो हे त्यांचे नेते. आज आपल्याला 'पी. डिमेलो रोड' माहीत आहे तो सीएसएमटीच्या बाजूचा ट्रॅफिकवाला रस्ता म्हणून. त्याच रस्त्याला आधी फ्रिअर रोड म्हणत. एका गव्हर्नरचं नाव जाऊन एका कामगार नेत्याचं आलं, ही केवढी मोठी बातमी आहे! पण गुगल मॅपवर ती दिसत नाही.

मग कंटेनर आले. जे जहाज रिकामं करायला टोळ्यांना दिवसच्या दिवस लागायचे, ते क्रेन भराभर रिकामं करू लागली. १९८९ मध्ये पलीकडे न्हावा-शेवा बंदर सुरू झालं आणि माल तिकडे वळला. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया हे दोन्ही डॉक पुढे चक्क भरून टाकले गेले. ज्या पाण्यात १९४४ चा स्फोट झाला, ते पाणीच आता राहिलेलं नाही. स्मारक सोडा, जागाच नाही. उरली ती सांगणाऱ्याची आठवण.

म्हणून मी 'आत्ता' म्हणते. मुंबई बंदराकडे पूर्व किनाऱ्यावर अठराशे एकरांच्या आसपास जमीन आहे. तिचं काय करायचं, हे ठरवण्यासाठी २०१४ मध्ये राणी जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तेव्हापासून मरिना, बगीचे, क्रूझ टर्मिनल, ऑफिसं, असं बरंच काही आपण वाचत आलोय. शिवडीहून अटल सेतू निघाला तो तर जानेवारी २०२४ पासून सुरूही झालाय. मला पुनर्विकासाचा राग नाही. पत्र्याच्या गोडाऊनमागे ज्यांची पोरं वाढली त्यांना चांगली घरं, मोकळी हवा, समुद्र दिसेल असा रस्ता मिळायलाच हवा. इतकी वर्षं समुद्राला खेटून राहूनही या लोकांना भिंतीपलीकडचा समुद्र दिसला नाही.

प्रश्न असा आहे, की नकाशावर ही जमीन 'मोकळी' किंवा 'अतिक्रमित' अशा दोनच रंगांत दिसते. तिथे किती साली कोण राहायला आलं, पाण्याचा नळ कुणी भांडून आणला, बालवाडी कुणाच्या खोलीत भरायची, कुठल्या गल्लीत पावसाळ्यात गुडघाभर पाणी भरतं, हे त्या नकाशात नसतं. ते फक्त राहणाऱ्यांना माहीत असतं. उद्या घर कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही, यावर वाद झाला की कागद मागतात. ज्यांच्याकडे कागद नाही त्यांच्याकडे शेजाऱ्याची साक्ष असते. ती साक्ष आज लिहून, तारीख घालून ठेवली तर उद्या निदान काहीतरी हातात असेल. शेजारी एकदा चार उपनगरांत पांगले, की साक्ष द्यायला कोण येणार?

वर्तमानातल्या बातमीचंही तसंच. २७ सप्टेंबर २०१३ ला सकाळी डॉकयार्ड रोडजवळ पालिकेच्या कर्मचाऱ्यांची इमारत कोसळली. ६१ माणसं गेली. तळमजल्यावर केलेल्या बदलांची चर्चा सगळ्या पेपरांत झाली, पण झाली ती नंतर. कुठल्या इमारतीत खांबाला हात घातला जातोय, कुठल्या जिन्याला तडा गेलाय, हे सगळ्यात आधी दिसतं ते तिथे राहणाऱ्यांना. मोठ्या पेपरांचा बातमीदार तिथे पोहोचतो तो बहुतेक वेळा ढिगाऱ्यापाशी. म्हणून वस्तीची स्वतःची बातमी हवी. ती नुसत्या आठवणींइतकीच, किंबहुना जास्त गरजेची आहे.

आता थोडं कडू बोलते. आठवणी सांगण्याची सध्या फॅशन आहे. सेपिया फिल्टर, मागे जुनं गाणं, माथारपाखाडीतल्या लाकडी जिन्याचा रील, 'ओल्ड बॉम्बे वाइब्ज'. माथारपाखाडी सुंदर आहेच. लोकमान्य टिळकांचे सहकारी काका बाप्टिस्टा तिथलेच. भंडारवाड्याच्या टेकडीवर त्यांच्या नावाची बाग आहे, तिथून गोदी दिसते, जरूर जा. पण रीलमध्ये फक्त जिना येतो. दारूखान्यात जहाज तोडणारा बिहार-उत्तर प्रदेशातून आलेला कामगार येत नाही. भाऊच्या धक्क्यावर पहाटे मासळी निवडणारी मावशी येत नाही. गोदीत नवरा जायबंदी झाल्यावर खानावळ चालवून पोरं शिकवणाऱ्या बाया येत नाहीत. आठवणी सांगायला मंडळात बसतात ते बहुतेक पुरुष, तेही जुने, पक्क्या घरांतले. 'आमचं माझगाव किती छान होतं' असं म्हणताना ते कुणासाठी छान होतं, हे विचारायला हवं. संपात उपाशी काढलेले दिवस, दंगलीत बंद झालेली दारं, दारूपायी मोडलेली घरं, हेही त्याच गल्लीतलं आहे.

'विक्रांत'चंच बघा. आपली पहिली विमानवाहू नौका २०१४ मध्ये याच दारूखान्यात तोडली गेली. तिच्या पोलादाचा अंश घालून केलेली बाइक २०१६ मध्ये बाजारात आली, जाहिरात बघून आपण सगळे भारावलो. बाइकचं नाव आपल्याला आठवतं. ज्यांनी गॅस कटरने तिची एकेक प्लेट कापली, त्यांच्यापैकी एकाचंही नाव आपल्याला माहीत नाही. त्यांच्याकडे गोष्ट नसेल? नक्की असेल. कुणी विचारलेलं नाही.

नावांवरून आठवलं. २०२४ मध्ये राज्य सरकारने मुंबईतल्या काही स्टेशनांची नावं बदलण्याचा प्रस्ताव मंजूर केला. त्यात डॉकयार्ड रोडचं माझगाव, रे रोडचं घोडपदेव, कॉटनग्रीनचं काळाचौकी. घोडपदेव, काळाचौकी ही लोकांच्या तोंडची नावं, ती पाटीवर यायला माझी हरकत नाही. रे नावाच्या गव्हर्नरसाठी कुणी रडणार नाही. पण 'डॉकयार्ड' आणि 'कॉटन' या शब्दांत इथल्या लोकांचं काम आहे. बोटी आणि कापसाच्या गाठी. पाटी बदलली तर तो धागा दुसरीकडे कुठेतरी लिहून ठेवायला लागेल. लोक अजून 'बीपीटी'च म्हणतात, ट्रस्टची ऑथॉरिटी झाली तरी. ते का म्हणतात, हे पुढच्या पोरांना कुणीतरी सांगावं लागेलच.

मग करायचं काय? मोठं म्युझियम होईल तेव्हा होवो. तोवर साध्या गोष्टी आपल्या हातात आहेत. प्रत्येक मंडळाची गणपतीत स्मरणिका निघते. शंभर पानांतली नव्वद पानं जाहिराती आणि शुभेच्छुक. त्यातली चार पानं गल्लीतल्या चार माणसांना द्या, आणि त्यातल्या दोन बाया असू द्या. नाक्यावरच्या फळ्यावर निधनाची आणि रक्तदानाची बातमी असतेच, त्याखाली पुनर्विकासाची बैठक कधी, नोटीस कुठल्या इमारतीला, हेही लिहा. रोज फोटो काढून ठेवा. फळा पुसला जातो, फोटो राहतो. आजोबांना बोलतं करताना रेकॉर्डर चालू ठेवा, त्यांना विचारून. साल विचारा, जागा विचारा, 'तुम्ही स्वतः पाहिलं की ऐकलं?' हेही विचारा. चिडतील, पण सांगतील. आणि मग तीच गोष्ट दुसऱ्या गल्लीतल्या दुसऱ्या माणसाला विचारा. दोघांचं जुळलं नाही तर दोन्ही लिहा.

आम्ही मास कॉमवाले इंटर्नशिपला आलो की पहिली बातमी कसली करायची, यासाठी वणवण करतो. सेलिब्रिटीची वेळ मिळत नाही, मंत्रालयात कुणी ओळखत नाही. हार्बर लाइनचं तिकीट काढा, डॉकयार्ड रोडला उतरा. तिथे दीडशे वर्षांच्या बातम्या पडून आहेत, आणि सांगणारी माणसं दर वर्षी कमी होत चालली आहेत.