तागाची व कांचेची जोड

मिश्र वस्त्र आमच्या घरांना नवें नाहीं. छत्रपती संभाजीनगरचा, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादचा, हिमरू सूत व रेशीम यांच्या मिलाफांतूनच निघतो. आज ज्या कापडाविषयीं लिहावयाचें आहे, तें मात्र नेसावयाचें नव्हे. तें कृत्रिम राळेंत भिजवून, दाबून त्याचा तक्ता करावयाचा असतो. अशा तक्त्यांचीं दारें हल्लीं विकलीं जातात, आणि दुकानदार 'ताग आहे, निसर्गाचा माल आहे' एवढें सांगून मोकळा होतो. घेणारानें मात्र तेवढ्यावर थांबूं नये.

ताग स्वस्त व हलका. त्याची घनता पाण्याच्या सुमारें दीडपट, तर कांचतंतूची अडीचपट. कांचतंतु बळानें कितीतरी अधिक, व तो पाणी पीत नाहीं. ताग पितो! दमट हवेंत वजनाच्या शेंकडा 12 इतकें पाणी तो सहज धरून ठेवतो. मग फुगतो, वाळला कीं आकसतो, आणि राळेपासून हळूहळू सुटूं लागतो. कोंकणांतील श्रावण ज्यांनीं पाहिला आहे, त्यांस अधिक सांगणें नलगे. कॉस्टिक सोड्याच्या सौम्य द्रावणांत धुतल्यास राळेची पकड सुधारते खरी, परंतु मूळ स्वभाव जात नाहीं.

म्हणून दोघांची जोड. ताणा कांचेचा व बाणा तागाचा ठेवला, तर तक्ता ताण्याच्या दिशेनें अधिक बळकट होतो. फडताळाच्या फळीस तो लांबीकडे यावा, हें ओघानेंच आलें. दुसरी रीत थरांची: बाहेर दोन्ही अंगांस कांचेचें कापड, पोटांत तागाचें. तक्ता वांकतो तेव्हां अधिक भार पृष्ठभागांवरच पडतो. शिवाय पाण्याची वाटही कांच अडविते. दारासाठीं आम्हांस हीच रीत शहाणपणाची वाटते. बेल्जमचे सायकलपटु योहान म्युसेऊ यांच्या नांवाच्या सायकलींत कार्बनतंतूबरोबर जवसाचा तंतु घातला गेला, तो निराळ्या हेतूनें. कार्बन ताठ, पण हादरा तसाच पुढें पोंचविणारा. जवस तो बराचसा जिरवितो.

तेव्हां न्हाणीघराचें दार घेतांना प्रथम विचारावें, कापलेल्या कडा व कुलपाचें भोंक राळेनें बंद केलें आहे काय? करवत लागतांच पोटांतला ताग उघडा पडतो, आणि मग बाहेरच्या कांचेचा उपयोग थोडा. दुसरें, तें दार जुनें झाल्यावर जाणार कोठें? नुसता ताग मातींत कुजतो. कांचेशीं व राळेशीं जखडलेला तसा कुजत नाहीं, आणि वेगळाही सहजीं काढतां येत नाहीं.