तीनपैकी एकच का रुसला?

पुण्याहून साताऱ्याकडे निघालेली जुनी मारुती ८०० शिरवळपर्यंत सुरळीत येते. खंबाटकीची चढण लागून तिसरा गिअर पडला, की तिला उचक्या लागतात. साताऱ्याच्या पोवई नाक्यावर चहा पिता पिता या उचक्यांचे निदान दोन मिनिटांत होते : ‘‘इथेनॉल! पेट्रोलच तसलं आलंय, मेस्त्री तरी काय करणार?’’ हाच प्रश्न सांगलीला नेला तर निदान बदलते, घाई तशीच राहते. तिथे सल्ला मिळतो, ‘‘प्लग, वायरी, कॉईल, सगळा सेटच टाकून बघा.’’ आणि घरी थोरले बंधू तिसरेच ऐकवतात, ‘‘इंजिन संपलं. भंगारात घाल.’’

तिघांपैकी एकानेही विचारलेले नसते, की ही उचकी, मेस्त्रीच्या भाषेत मिसिंग, कोणत्या सिलेंडरात आहे आणि ती केव्हा लागते. थंड इंजिनात की तापल्यावर, सपाटीला की चढावर, कोरड्या दिवशी की पावसात? या प्रश्नांखेरीज दिलेले उत्तर बरोबर निघाले, तरी ते निदान नव्हे. तो लागलेला मटका असतो.

पहिला पूर्वपक्ष इथेनॉलचा, आणि तो सर्वांत बलवान. २०२२च्या जूनमध्ये देशातल्या पेट्रोलमधले इथेनॉल दहा टक्क्यांवर गेले, २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर. गंमत अशी, की साखराळे असो वा रेठरे बुद्रुक, इथल्या कारखान्यांना ऊस घालणारा शेतकरीच पंपावर उभा राहून त्याच उसाच्या इथेनॉलला शिव्या घालत असतो. त्याची तक्रार निराधार नाही. एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ किलोच पुरते. वीस टक्के मिश्रणाचा हिशेब साडेतेरा किलोच्या आसपास येतो. कार्ब्युरेटरच्या जेटचे भोक मात्र कारखान्यात शुद्ध पेट्रोलसाठी पाडलेले. त्याला हा बदल कळण्याचा मार्ग नाही, म्हणून मिश्रण थोडे पातळ होते. मूळ शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि दहा टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकींचे अॅव्हरेज वीस टक्के मिश्रणावर सहा-सात टक्क्यांनी घटेल, असे नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यातच लिहिलेले आहे. इथेनॉल पाणी ओढून घेते, जुनी रबरी नळी फुगवते, टाकीतला जुना गंजगाळ सोडवून फिल्टरकडे धाडते, हेही खरे.

पण यातून मिसिंगचा आरोप सिद्ध होतो का? जुन्या ८००मध्ये कार्ब्युरेटर एक आणि सिलेंडर तीन. तिघांनाही एकाच ताटातले वाढले जाते. पेट्रोल वाईट असेल तर तिघांच्याही पोटात दुखायला हवे. दोघे ठणठणीत आणि एकच रुसलेला असेल, तर स्वयंपाकाला दोष देणे व्यर्थ. शिवाय महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे; तिथली हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे बारा टक्के विरळ. कार्ब्युरेटर हवेच्या वजनाशी इमान राखत नाही, त्यामुळे उंचीवर मिश्रण आपोआप घट्ट होते. म्हणजे इथेनॉलने पातळ केलेले गणित पसरणीचा घाट काही अंशी परत भरून काढतो. आरोप खरा असता तर पाचगणीच्या सपाट रस्त्यावर गाडी सांगलीपेक्षा गोड चालायला हवी होती. ती तिथेही तशीच उचकत असेल, तर संशयित बदलायची वेळ आली.

(इंजेक्शनच्या गाडीत हा युक्तिवाद जसाच्या तसा लागू नाही. तिथे प्रत्येक सिलेंडराला स्वतःचा इंजेक्टर असतो, आणि एकटा इंजेक्टरही तुंबू शकतो.)

दुसरा पक्ष ‘सगळा सेट टाका’वाल्यांचा. या सवयीचे मूळ बहुधा साताऱ्यातच सापडेल. १९७५ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्सच्या इथल्या कारखान्यातून बजाज प्रिया बाहेर पडत असे. दीडशे सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन, एकच सिलेंडर, पेट्रोलमध्ये मिसळलेले ऑईल. तिने मिसिंग मारले की प्लग काढायचा, पॉलिश पेपरने घासायचा, स्कूटर एका अंगाला कलती करायची आणि किक मारायची. दहापैकी नऊ वेळा प्लगच काळा झालेला असे, कारण ऑईल जाळणे हा त्या इंजिनाचा धर्मच होता. एका पिढीचे हात या औषधावर तयार झाले. पुढे त्याच हातांनी चार-स्ट्रोक मोटारीचे बॉनेट उघडले आणि तेच औषध तिप्पट मात्रेत दिले.

सगळे सुटे भाग एकदम बदलण्यात पैशाचे नुकसान होतेच, पण त्याहून मोठे नुकसान पुराव्याचे. गाडी सुधारली तर कशाने, हे कळत नाही. सुधारली नाही, तर जुन्या दोषात नव्या भागाचा दोष मिसळल्याची शंका वाढते. नव्या म्हणून आणलेल्या वायरी पहिल्या दिवसापासून खराब निघाल्याचे अनुभव जुन्या गाड्यांच्या मालकांना नवे नाहीत.

मग करायचे काय? जाणता मेस्त्री आधी कान देतो, मग पक्कड उचलतो. इंजिन आयडलिंगला ठेवून, चांगले रबर चढवलेल्या पकडीने, एकेका प्लगची वायर क्षणभर काढायची. इंजिन आणखी लडबडले तर तो सिलेंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही तर तोच आळशी. समजा, दुसरा सापडला. आता त्याचा प्लग पहिल्यात आणि पहिल्याचा दुसऱ्यात घालायचा. मिसिंग प्लगबरोबर पहिल्या सिलेंडरात गेले, तर दोष प्लगचा. ते जागचे हलले नाही, तर वायरींची अदलाबदल, मग डिस्ट्रिब्युटरच्या टोपीला आतून गेलेला केसासारखा तडा. नवा भाग एकही न आणता, अर्ध्या तासात, यातले बहुतेक संशयित निर्दोष सुटतात. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या गाडीत मात्र वायर काढून इंजिन चालू ठेवू नये. न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाऊन तो महागडा डबा जाळते. तिथे ठिणगी तपासायचे साधन वापरावे.

काढलेल्या प्लगचे तोंडही बोलते. फिकट तपकिरी असेल तर संसार सुखाचा. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढुरके तोंड म्हणजे मिश्रण पातळ किंवा उष्णता जास्त. ओले, तेलकट काळे असेल तर ऑईल वर चढते आहे.

खंबाटकीच्या उचकीचे कोडेही इथेच सुटते. चढावर अॅक्सिलरेटर दाबला की सिलेंडरात जास्त हवा कोंबली जाते, दाब वाढतो, आणि दाबलेल्या हवेतून ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागते. कॉईल म्हातारी असेल किंवा प्लगचा गॅप झिजून रुंदावला असेल, तर सपाटीला निभावते आणि घाटात ठिणगी दगा देते. अशी उचकी झटक्याने येते, कोणी मागून कॉलर ओढल्यासारखी. पेट्रोल कमी पडत असेल तर गाडी दम लागल्यासारखी हळूहळू बसत जाते. गाडी चालवणाऱ्याला हा फरक अंगाला कळतो. त्याला विचारण्याची तसदी घ्यायला हवी.

सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांतच हवामानाची दोन टोके आहेत. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, जत-आटपाडीत त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. पावसाळ्यात सकाळी मिसिंग आणि इंजिन तापल्यावर सारे आलबेल, असे असेल तर ओल धरलेल्या वायरी बघाव्यात. रात्री अंधारात बॉनेट उघडून चालत्या इंजिनाकडे पाहिले, तर गळणारा करंट निळ्या ठिणग्यांनी स्वतःच हजेरी लावतो. जतकडच्या गाडीचा एअर फिल्टर आधी झटकावा. आणि २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा पाण्यात उभी राहिलेली गाडी असेल, तर वायरिंगचे प्रत्येक कनेक्शन संशयित.

‘इंजिन संपलं’ हा तिसरा पक्ष तर तपासाशिवायच फाशी सुनावतो. कॉम्प्रेशन गेज लावून तिन्ही सिलेंडर मोजले, की आकड्यापेक्षा त्यांच्यातली तफावत अधिक सांगते. एकाचेच कमी असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑईल घालून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर रिंग झिजली. तसाच राहिला तर वॉल्व्ह नीट बसत नाही. आणि वॉल्व्ह न बसण्याचे कारण कधी कधी केवळ घट्ट झालेला टॅपेट असते. फीलर गेज आणि पाना, एवढ्यावर वाचलेले इंजिन भंगारात घालणे म्हणजे सर्दीसाठी तिरडी बांधण्यासारखे.

एक पुरावा तर मालकाच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात आधीच पडून असतो : पीयूसीचा कागद. पोलिसाला दाखवण्यापुरताच तो काढला जातो. पेट्रोल गाडीच्या त्या कागदावर कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन असे दोन आकडे छापलेले असतात. पहिला चढला तर मिश्रण घट्ट. पहिला ठीक आणि दुसराच आभाळाला भिडला, तर कुठल्यातरी सिलेंडरातून पेट्रोल न जळताच बाहेर पडते आहे. मागच्या दोन-तीन कागदांशी ताडून पाहिले तर दुखणे केव्हापासूनचे, हेही कळते.

हे सारे होऊनही तिन्ही सिलेंडर सारखेच नाराज असतील, ठिणगी तिघांतही कडक असेल, तर एक शेवटची परीक्षा उरते. तापल्या इंजिनावर चोक अर्धा ओढावा. मिसिंग वाढले तर मिश्रण आधीच घट्ट होते. मिसिंग थांबले तर मिश्रण पातळ होते. तरीही पहिला संशय मॅनिफोल्डच्या गॅस्केटवर आणि चिरलेल्या व्हॅक्यूम नळीवर, कारण जुन्या गाडीत चोरून हवा आत येण्याची जागा तीच. नळ्या बदलल्या, गॅस्केट नवे बसवले, फ्लोटची पातळी तपासली, जेट साफ केले, आणि चोक ओढल्याशिवाय गाडी अजूनही नीट चालत नसेल, तर मात्र पोवई नाक्यावरचा तो गृहस्थ बरोबर होता. त्याला एक चहा पाजावा आणि कार्ब्युरेटरला एक नंबर मोठा जेट बसवावा.