शिकायला गेली की फिरायला?

परदेशात एका सेमिस्टरसाठी गेलेल्या मुलीचे फोटो व्हॉट्सअॅपवर यायला लागले, की गावात चर्चा सुरू होते. या शनिवारी प्राग, पुढच्या शनिवारी बुडापेस्ट, त्यानंतर व्हिएन्ना. मागे जुना पूल, शेजारी चार देशांच्या चार मैत्रिणी. मग भिशीत किंवा एखाद्या बारशाला कुणीतरी आईला गाठतंच, "काय हो वहिनी, लेक शिकायला गेलीय की फिरायला?" मुलगा गेला असेल तर तेच फोटो बघून "जग बघतोय पोरगा" म्हणतात, हे मैत्रिणींनो, तुम्हाला वेगळं सांगायला नको.

गंमत अशी, की युरोपात ही सोय ज्या बाईच्या चिकाटीमुळे उभी राहिली, तिलाही असाच टोमणा ऐकावा लागला होता. तिचं नाव सोफिया कोर्राडी. रोममध्ये कायदा शिकणारी ही मुलगी १९५७ मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेली आणि तुलनात्मक कायद्याची पदव्युत्तर पदवी घेऊन परत आली. तिथला अभ्यास इथल्या पदवीत धरा, एवढंच तिचं मागणं होतं. विद्यापीठाच्या कचेरीत तिला उडवून लावलं. अमेरिकेत हिंडून आलात, आता जरा अभ्यास करा, अशा अर्थाचं वर सुनावलं. दुसरी एखादी गप्प बसली असती. हिने १९६९ पासून सरकारदरबारी, विद्यापीठांच्या प्रमुखांकडे टिपणं पाठवून पिच्छा पुरवला. शेवटी १९८७ मध्ये 'इरास्मस' योजना सुरू झाली, तेव्हा पहिल्या वर्षी ११ देशांतले ३,२४४ विद्यार्थी बाहेर पडले. आज हा आकडा, शिक्षक वगैरे धरून, दीड कोटींच्या पुढे गेलाय. जाणाऱ्या विद्यार्थ्यांत मुली जास्त. सोफियाबाईंना तिकडे लाडानं 'मम्मा इरास्मस' म्हणत. ऑक्टोबर २०२५ मध्ये, ९१ व्या वर्षी त्या गेल्या.

सोफियाबाईंचं भांडण हिंडण्याफिरण्यावर नव्हतंच, ते कागदावर होतं. बाहेर शिकलेलं घरच्या पदवीत धरलं जाणार की नाही? आपल्या मुलींच्या बाबतीतही खरी गोम इथेच आहे. आपल्याकडच्या बऱ्याच अभियांत्रिकी आणि मॅनेजमेंट कॉलेजांचे आता युरोपातल्या विद्यापीठांशी करार असतात. तिथे एका सेमिस्टरची साधारण ३० क्रेडिटं असतात. यातली कुठली आपल्या मार्कशीटवर कुठल्या विषयाच्या जागी चढणार, हे निघण्याआधी लेखी ठरवून घ्यावं लागतं. तिथे गेल्यावर एखादा विषय बदलला तर तो बदलही लेखी हवा. हा कागद नीट नसेल तर पोरगी प्रत्येक शनिवार-रविवार खोलीत बसून वाचत राहिली तरी सेमिस्टर वाया जाऊ शकतं. शेजारणींना प्रागचे फोटो दिसतात, हा कागद कुणाला दिसत नाही, आणि आईही बहुधा तो मागत नाही.

आता फिरण्याचं. तिथली अंतरं आधी लक्षात घ्या. ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना आणि स्लोव्हाकियाची राजधानी ब्रातिस्लाव्हा यांच्यात फार तर साठ-पासष्ट किलोमीटर. आपण कोल्हापूरहून सांगलीला कामाला जाऊन संध्याकाळी परततो, त्यातलाच प्रकार. जर्मनीत सगळ्या लोकल आणि साध्या गाड्यांसाठी महिन्याचा एकच पास आहे. २०२३ मध्ये तो ४९ युरोला निघाला, जानेवारी २०२६ पासून ६३ युरो झाला. बऱ्याच विद्यापीठांत विद्यार्थ्यांना तो ६० टक्के किमतीत पडतो. जलद गाड्यांना चालत नाही, म्हणून मुली चार गाड्या बदलत जातात, डबा घरून नेतात. रात्रीच्या बसनं निघालं की एका रात्रीचं भाडं वाचतं. स्वस्त विमानाचं तिकीट मात्र नीट वाचावं. 'पॅरिस' म्हणून विकलेलं विमान पॅरिसपासून ऐंशी किलोमीटरवरच्या बोव्हेला उतरतं, आणि बॅग ठरलेल्या मापापेक्षा मोठी निघाली तर तिकिटाहून जास्त दंड भरावा लागू शकतो.

ज्या मुलीनं घरी असताना एकटीनं एस्टीचं आरक्षणही कधी केलं नव्हतं, ती हे सगळं महिनाभरात शिकते. याला मी अभ्यासच म्हणते, परीक्षा नसली तरी.

पण दर आठवड्याला नवा देश, हे मलाही पटत नाही. सोमवारी वर्गात झोप येते, आणि आपलीच दहा मुलंमुली मिळून तीच पाच शहरं 'करून' येतात, त्यात तिकडच्या माणसाशी चार वाक्यंसुद्धा बोलणं होत नाही. दुसरं म्हणजे पैसा. फी माफ असली तरी राहणं-खाणं आपल्याच खिशातून. जर्मनीनं सप्टेंबर २०२४ पासून विद्यार्थ्याच्या खर्चासाठी महिना ९९२ युरो दाखवणं ठरवलंय, आणि २०२५ मध्ये युरोनं शंभर रुपये ओलांडले. म्हणजे महिन्याला लाखाचा हिशेब. कर्ज काढून गेलेली मुलगी सगळे निघालेत म्हणून निघते, आणि पुढचे दोन आठवडे नुसत्या डाळ-भातावर काढते. घरी कळवत नाही, कारण फोटो तर हसरे पाठवलेले असतात. सुट्टीच्या दिवशी हॉटेलात भांडी घासणाऱ्या युरोपियन मुलीही असतात तिथे, त्या कुणाच्या फोटोत येत नाहीत.

तिसरी गोष्ट पासपोर्टची. बरोबरची स्पॅनिश मैत्रीण ओळखपत्र दाखवून कुठेही जाते. आपल्या मुलीला जर्मनीचा विद्यार्थी व्हिसा किंवा राहण्याचा परवाना असेल, तर इतर शेंगेन देशांत कुठल्याही १८० दिवसांत मिळून ९० दिवसच राहता येतं. आयर्लंड आणि ब्रिटन शेंगेनमध्ये नाहीत, त्यांचा व्हिसा वेगळा. आणि 'सीमाच नाहीत' हेही आता तितकंसं खरं राहिलेलं नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये जर्मनीनं आपल्या सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर तपासणी सुरू केली आणि नंतर तिची मुदत वाढवत नेली. रात्री दोन वाजता बस थांबवून कागद मागितले, आणि पासपोर्ट खोलीवर राहिलेला असला, तर पोलिसांना मैत्रिणींची हमी चालत नाही. तेव्हा फोनवर "जेवलीस का" नंतर "पासपोर्ट घेतलास का" हे विचारायला हरकत नाही.

राहायच्या जागेबद्दल आयांना धास्ती असते, ती रास्तच आहे. स्वस्त हॉस्टेलांत एका खोलीत सहा-आठ पलंग असतात आणि काही खोल्या मुलामुलींच्या एकत्र असतात. पण फक्त मुलींची खोली बहुतेक ठिकाणी मागता येते, दोन-चार युरो जास्त पडतात. ते जास्तीचे युरो तेवढे घरून हसत द्यावेत.

आणखी एक. जर्मनीत हिवाळी सेमिस्टरचे वर्ग ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होतात आणि फेब्रुवारीत संपतात. बऱ्याच विषयांत सगळे मार्क शेवटच्या एकाच परीक्षेवर असतात. म्हणून नोव्हेंबरात मुली मोकळ्या दिसतात, आणि जानेवारी संपता संपता फोटो येणं एकदम बंद होतं. तेव्हा काळजीनं दिवसातून तीनदा फोन लावू नका. ती लायब्ररीत असते.