मांजराला जेवढी मुभा, तेवढी मुलाला

घरी आलेला पाहुणा मांजराशी कसा वागतो, ते कधी नीट बघा. लांबूनच हात पुढे करतो, ‘मनी मनी’ म्हणतो आणि थांबतो. ती आली तर आली. नाही तर ‘लहरी असतात हो’ म्हणून सोडून देतो. त्याच घरातला सात-आठ वर्षांचा मुलगा पलंगाखाली जाऊन बसला, तर मात्र दंडाला धरून बाहेर काढतात. ‘काकांना नाव सांग. माझ्याकडे बघून बोल.’

माझा नातू स्वमग्न आहे. मी पोफळीच्या भूमिगत वीजगृहात ऑपरेटर होतो. कोयनेचं पाणी डोंगराच्या पोटात उतरून 1962 पासून तिथे वीज करतंय. ग्रीड बांधलेली 50 हर्ट्झला, त्यामुळे पाळीभर आमची नजर फ्रिक्वेन्सीवर. यंत्रांच्या घरघरीत माझं आयुष्य गेलं, आवाजाचं मला काही वाटत नाही. नातवाला वाटतं. कुकरची शिट्टी, मिक्सर, एस.टी.चा हॉर्न, पत्र्यावर कोसळणारा आमचा घाटपायथ्याचा पाऊस. कानांवर हात ठरलेले. शेजारच्या गोठ्यात व्यालेल्या भाटीचं एक पिल्लू आमच्या पडवीत राहायला आलं, तीच आमची मनी. तेव्हापासून पावसाची सर आली की तो तिच्या पोटाला कान लावून पडतो. मांजराची घुरघुर साधारण 25-30 हर्ट्झची, म्हणजे ग्रीडच्या निम्म्याच्या आसपास. पुढचं शास्त्र मला सांगता येणार नाही. पण एकसुरात चालणाऱ्या मशीनशेजारी डोळा कसा लागतो, ते रात्रपाळी केलेल्या कुणालाही विचारा.

‘मांजर कशाला, केस पोटात जातात’ म्हणणारे होतेच. बाळाच्या जन्मानंतर आपण जिला पुजतो ती सटवाई म्हणजे षष्ठी, आणि बंगालात तिचं वाहन मांजर आहे, एवढंच मी त्यांना सांगतो.

मनी नातवाकडे टक लावून बघत नाही. मांजरांमध्ये रोखून बघणं ही धमकी. विश्वास असला की ती डोळे सावकाश मिटते, उघडते. 2020 मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी माणसांना तसे डोळे मिटायला लावले, तर मांजरांनीही तसंच उत्तर दिलं, आणि अनोळखी माणसाच्या हाताजवळही ती जास्त येऊ लागली. आमच्याकडे हे कुणी कुणाला शिकवलं नाही. डोळ्याला डोळा देण्याचा जो तगादा दिवसभर त्याच्यामागे असतो, तो मनीपाशी नाही. तिला नकोसं झालं की शेपटीचं टोक हलतं, आणि हा लगेच हात काढून घेतो. दुसऱ्याच्या मनातलं या मुलांना कळत नाही, असं छातीठोक सांगणाऱ्यांनी ते टोक आणि तो हात एकदा येऊन बघावा.

म्हणून मांजर हे औषध ठरत नाही. फ्रान्समधल्या 2012 च्या एका अभ्यासात, वयाच्या पाच वर्षांनंतर घरी प्राणी आलेली स्वमग्न मुलं वस्तू वाटून घेण्यात आणि दुसऱ्याला धीर देण्यात पुढे गेल्याचं दिसलं. अमेरिकेत मिसुरी विद्यापीठाने निवाऱ्यातली शांत स्वभावाची मांजरं स्वमग्न मुलांच्या घरी देऊन पाहिली, निष्कर्ष चांगले आले. पण घरं होती अवघी 11. एवढ्या भांडवलावर कुणी ‘थेरपी कॅट’ म्हणून महागडं पर्शियन मांजर गळ्यात मारायला आला, तर त्याला दारातूनच वाटेला लावा. काही मुलांना केस, वास, नखं सहनच होत नाहीत. तिथे मांजर आणणं म्हणजे दोघांचेही हाल. आमची स्पीच थेरपी मनी आल्यावरही चालूच आहे. आणि पाळलंत तर मांजराला रेबीजची लस टोचाच. ओरखडा आला, चावलं, तर हे मूल येऊन सांगेलच असं नाही. रोज रात्री हातपाय बघावे लागतात.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्वमग्नतेला स्वतंत्र नोंद दिली, दाखला मिळतो. पाहुण्यांना वळण लावायचं काम मात्र कायद्याचं नाही, ते आपलंच. मांजराच्या बाबतीत तर ते सगळ्यांना उपजत जमतं.

आता गणपतीला मुंबईकरांनी घर भरेल. माझं मागणं फार नाही. आरतीच्या झांजा सुरू झाल्या की तो मांजर घेऊन मागच्या पडवीत जाईल, जाऊ द्या. प्रसाद शेजारी ठेवा, मनात आलं की खाईल. गाल ओढू नका. ‘अजून बोलत नाही का हो?’ हे त्याच्यादेखत विचारू नका, त्याला सगळं ऐकू येतं. आणि फटाक्यांची माळ लावायचीच असेल, तर आधी मला हाक मारा. दोघांनाही आतल्या खोलीत नेतो, मग लावा.