गुणांची वाटणी आणि न वाचलेले नाटक

महाविद्यालयांत अंतर्गत मूल्यमापनाला महत्त्व आल्यापासून गटसादरीकरण ही नित्याची बाब झाली आहे. मराठीच्या वर्गात त्यासाठी बहुधा एखादे अभिजात नाटक निवडले जाते. सात-आठ विद्यार्थ्यांचा गट, पंधरा-वीस मिनिटांचा वेळ आणि सर्वांना सारखे गुण, अशी साधारण व्यवस्था असते. नाटक ही मुळातच समूहाची कला. तिचा अभ्यास समूहाने करण्यात गैर काहीच नाही. परंतु या व्यवस्थेतून नाटकच हद्दपार होत आहे, त्याची दखल कोणी घ्यायची?

गोविंद बल्लाळ देवलांच्या १८९९ सालच्या ‘संगीत शारदा’चेच उदाहरण घ्यावे. एकाने देवलांचे चरित्र सांगायचे, दुसऱ्याने कथानक, तिसऱ्याने पदे. चौथ्याने चित्रे जमवायची आणि उरलेल्यांनी शेजारी उभे राहायचे. वाटणी चोख होते. मूळ संहिता मात्र कोणाच्याच वाट्याला येत नाही. मग १९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला ‘शारदा कायदा’ हे नाव या नाटकावरून पडले, असेही ठणकावून सांगितले जाते. वस्तुतः ते पडले हा कायदा पुढे आणणारे अजमेरचे हरबिलास सारडा यांच्या आडनावावरून. पण ही चूक सोबत्यांना खटकत नाही, कारण तो ‘दुसऱ्याचा भाग’ असतो.

श्रमविभागणीचा महिमा ॲडम स्मिथने १७७६ साली टाचणीच्या कारखान्याच्या उदाहरणाने सांगितला. सुमारे अठरा क्रिया दहा माणसांनी वाटून घेतल्या की दिवसाला ४८,००० टाचण्या तयार होतात. तेथे टाचणी मिळाली की काम झाले. ती करणाऱ्याला सगळ्या क्रिया यावयास हव्यात असे नाही. शिक्षणात मात्र घडवायची वस्तू म्हणजे स्वतः विद्यार्थीच. जन्मभर एक-दोन क्रियाच करणाऱ्याची बुद्धी बोथट होते, असा इशारा स्मिथनेही त्याच ग्रंथात दिला होता. त्याकडे सोयीस्कर दुर्लक्ष होते.

दुसरा प्रश्न न्यायाचा आहे. गट जितका मोठा, तितका इतरांच्या श्रमावर फळ खाण्याचा मोह अधिक, हे मॅन्कर ऑल्सन यांनी १९६५ साली साधार मांडले. वर्गात याची प्रचीती रोज येते. एखादी कष्टाळू मुलगी रात्र जागून सर्वांचे काम उरकते आणि गुण आठ जणांत सारखे वाटले जातात. सहकार्याच्या नावाखाली हा अंग चोरण्याचाच धडा होय.

यावर उपाय अवघड नाही. गट चौघांचा असावा. आधी संपूर्ण नाटक वर्गात मोठ्याने वाचले जावे. विषय वाटण्याऐवजी गटाला एकच प्रश्न द्यावा, उत्तर कोणी द्यायचे ते चिठ्ठी टाकून ठरवावे, आणि निम्मे गुण ज्याचे त्याला असावेत.

‘शारदे’पुरता असा प्रश्न नाटकातच आहे. कांचनभट पैशाच्या लोभाने पोटची मुलगी वृद्ध भुजंगनाथाला देऊ करतो. भद्रेश्वर दीक्षित मध्यस्थी करतो. सौदा पुरा होतो. संमती तेवढी शारदेची नसते. आणि हे लग्न मोडते ते तिच्या अश्रूंमुळे नव्हे, तर वधूवर सगोत्र असल्याचे उघड होते म्हणून. सुधारणेची बाजू घेणाऱ्या नाटककाराने रूढीला रूढीनेच का अडवावे? समाजाच्या विवेकावर त्याचा भरवसा नव्हता काय? या प्रश्नाचे चार तुकडे करून ते वाटून घेता येत नाहीत. चौघांनाही नाटक वाचावे लागते आणि आपसांत वाद घालावा लागतो.

वर्ग मोठे आहेत, अभ्यासक्रम लांबलचक आहे, ही अध्यापकांची अडचण खरी आहे. तेव्हा तीन नाटकांऐवजी एकच घ्यावे, पण ते पुरते वाचले जावे. चार नाटकांची नुसती नावे ठाऊक असलेल्या पदवीधरापेक्षा एका नाटकाशी झगडलेला पदवीधर समाजाला अधिक उपयोगी पडेल.