काम चालू, वेतन बंद

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि मुंबईची लोकल थांबली. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर येथील चाकरमान्यांचा सारा संसारच लोकलवर उभा. परंतु परिचारिका, सफाई कामगार, अत्यावश्यक सेवेतील कारकून यांना कामावर जाणे भागच होते. त्यांना मुंबईस पोहोचविण्याचा मोठा भार एस.टी.च्या चालक-वाहकांनी उचलला. परप्रांतीय मजुरांना राज्याच्या सीमेपर्यंत सोडण्याचे कामही त्यांच्याच वाट्यास आले. कौतुक पुष्कळ झाले; वेतन मात्र थकले. दिवाळीच्या तोंडावर तीन महिन्यांचे वेतन येणे होते. नोव्हेंबरात जळगाव व रत्नागिरीकडील दोन कर्मचाऱ्यांनी आत्महत्या केल्या, आणि त्यानंतर राज्य शासनाने महामंडळास एक हजार कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले.

या तीन महिन्यांत त्या कर्मचाऱ्याने कोणाकडे पाहावयाचे होते? बेकारीविषयी आपल्याकडे जी काही तरतूद आहे ती सर्व काम सुटलेल्यासाठी आहे. राज्य कामगार विम्याखाली २०१८ साली सुरू झालेल्या अटल योजनेतील भत्ता २०२० मध्ये वेतनाच्या २५ टक्क्यांवरून ५० टक्के करण्यात आला. पण तो नोकरी गमावलेल्या विमाधारकास, आणि तोही जास्तीत जास्त ९० दिवस. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत कारखाना बंद पडला तर असा काही आधार संभवतो. गाडी रोज आगाराबाहेर काढणारा चालक मात्र कायद्याच्या दृष्टीने बेकार नाहीच. त्याची चूल थंड आहे ही बाब कोणत्याही नमुन्यात बसत नाही.

अमेरिकेसारख्या सधन देशातही हा पेच सुटलेला नाही. डिसेंबर २०१८ पासून ३५ दिवस तेथील संघशासनाचे कामकाज निधीअभावी अंशतः बंद होते. सुमारे आठ लाख कर्मचाऱ्यांचे वेतन अडले आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक विनावेतन कामावर होते. घरी बसविलेल्यांना बेकारभत्ता मागता येत होता; राबणाऱ्यांना नाही. कॅलिफोर्नियाने त्यांनाही तो देण्याची तयारी दाखविली, तेव्हा केंद्रीय श्रम खात्याने हरकत घेतली. २०२५ मध्ये ४३ दिवसांच्या बंदमध्ये हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. भत्ता मिळालेल्यांनाही थकबाकी हाती येताच तो परत करावा लागतो. म्हणजे तो भत्ता नव्हे, उचल होय.

वस्तुतः थकलेले वेतन हे नोकराने मालकाला दिलेले बिनव्याजी कर्ज आहे. वाण्याची उधारी व पतपेढीचा हप्ता यांवर व्याज चढते. थकलेल्या पगारावर चढत नाही. हे अपरिहार्य आहे असेही नव्हे. २००५ च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्याखाली मस्टर बंद झाल्यानंतर सोळाव्या दिवसापासून थकलेल्या मजुरीवर दररोज ०.०५ टक्के भरपाईचा नियम होता. अंमलबजावणी कशी झाली हा निराळा विषय. पण जे तत्त्व खडी फोडणाऱ्या मजुरास लागू केले, ते राज्याच्या महामंडळातील वाहकास नाकारण्याचे कारण दिसत नाही. २०२१-२२ च्या प्रदीर्घ संपात विलीनीकरणाची मागणी एवढ्या तीव्रतेने पुढे आली, तिच्या मुळाशी पगाराच्या तारखेची ही अनिश्चितीच होती.

तेव्हा बेकारभत्त्याचा शब्दच्छल न करता, ठरल्या तारखेस वेतन न झाल्यास दहा दिवसांच्या आत कर्मचाऱ्यास त्याच्या बँकेतून निम्म्या वेतनाइतकी उचल मिळावी आणि तिचे व्याज महामंडळाने भरावे. हा खर्च अंदाजपत्रकात वेगळ्या शीर्षाखाली दाखवावा, म्हणजे निदान विधिमंडळात त्यावर प्रश्न तरी विचारता येईल.