खेळ नशिबाचा की कोनाचा?

मागील पालकसभेत एक सूचना पुढे आली. गावात जेथे जेथे 'पूल' नावाचा खेळ चालतो, तेथे पाऊल टाकण्यास शाळेने विद्यार्थ्यांना सक्त मनाई करावी, अशी ती सूचना होती. तिच्यामागील तळमळ मी जाणतो. आपल्याकडे ही मेजे पुष्कळदा तावेर्नाच्या मागल्या खोलीत असतात. तेथे धूर असतो, मद्य असते आणि पैजही असते. शाळकरी मुलाने त्या खोलीत जाऊ नये, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु सूचनेच्या समर्थनार्थ जे कारण देण्यात आले ते मला मान्य करता येत नाही. "हा नशिबाचा खेळ, यात डोके लागत नाही," असे सांगण्यात आले आणि बऱ्याच माना डोलल्या. खोलीचा दोष मेजाच्या माथी मारला गेला. वास्तविक, खेळ नशिबाचा आहे असे ज्याला वाटते तोच पैजेला आधी बळी पडतो. म्हणून मुलांना पैजेपासून खरोखरच दूर ठेवावयाचे असेल, तर त्या मेजावर नेमके काय घडते हे त्यांना समजावून सांगितले पाहिजे, असे माझे मत आहे.

मी कलाशाखेचा पदवीधर. गणिताशी माझे सख्य बेताचेच. तरीही या खेळाची उपपत्ती वाचताना मला कोठे अडखळावे लागले नाही, एवढी ती सरळ आहे.

विद्यार्थिमित्रांनी भूगोलाच्या पुस्तकात कोरिऑलिस हे नाव वाचले असेल. पृथ्वीच्या परिवलनामुळे वाऱ्यांची दिशा ज्या परिणामाने वळते, त्याला या फ्रेंच पंडिताचे नाव आहे. त्याचा तत्संबंधीचा निबंध 1835 साली प्रसिद्ध झाला. आणि त्याच वर्षी त्याने बिलियर्डच्या चेंडूंच्या गतीवर एक संपूर्ण गणिती ग्रंथ लिहिला. अशा बुद्धीला चेंडूंचा विचार कमीपणाचा वाटला नाही. पूल हे बिलियर्डचेच भावंड. स्नूकर हे दुसरे भावंड तर आपल्याच देशात जन्मले. 1875 साली जबलपूरच्या लष्करी छावणीत नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने ते सुरू केले, असे मानतात. (पुढे इंग्लंडचा पंतप्रधान झालेला चेंबरलेन तो हा नव्हे.)

आता मेजाकडे वळू. मेजाचा पृष्ठभाग सपाट, त्यावर ताणून बसवलेली बनात, आणि काठीने टोलावयाचा एकच पांढरा चेंडू. समजा, हा चेंडू कोणतीही फिरकी न घेता नुसता घसरत जाऊन तेवढ्याच वजनाच्या दुसऱ्या स्थिर चेंडूवर आदळला. टक्कर अगदी समोरासमोर झाली, तर पांढरा चेंडू जागच्या जागी थबकतो आणि आपला वेग दुसऱ्याच्या स्वाधीन करतो. टक्कर बाजूला झाली तर? दोन गुळगुळीत गोल एकमेकांना भिडले असता त्यांना परस्परांवर रेटा देता येतो तो त्यांचे मध्यबिंदू जोडणाऱ्या रेषेतच. दुसरा चेंडू त्या रेषेने निघून जातो आणि त्या रेषेतला वेग सोबत घेऊन जातो. पांढऱ्यापाशी उरतो तो त्या रेषेशी काटकोन करणारा वेग. म्हणून दोघांच्या वाटांत नव्वद अंशांचे अंतर पडते. धक्का भरीव असो की ओझरता, काटकोन तोच. प्रत्यक्षात चेंडू पूर्णतः लवचीक नसल्यामुळे तो थोडा कमी भरतो, इतकेच.

पण पांढरा चेंडू फार वेळ घसरत राहत नाही. बनातीचे घर्षण त्याला लवकरच गडगडावयास लावते, आणि खेळातील खरी गंमत येथून सुरू होते. टकरीत वेगाची देवघेव होते. फिरकीची मात्र जवळजवळ होत नाही. गडगडत आलेला चेंडू समोरासमोर आदळला, तर तो क्षणभर थांबल्यासारखा दिसतो, परंतु जागच्या जागी पुढच्या दिशेने फिरतच असतो. चिखलात रुतलेल्या गाडीचे चाक आधी नुसते फिरते आणि मग जमीन पकडते, तसा हा चेंडू बनात पकडतो आणि मूळ वेगाच्या सुमारे दोन सप्तमांश वेगाने दुसऱ्याच्या मागोमाग निघतो. टक्कर बाजूला झाली असेल, तर तो आरंभी काटकोनाच्याच वाटेला लागतो आणि मग वळण घेत पुढे झुकतो. घसरणीच्या काळात घर्षणाची दिशा बदलत नाही. म्हणून हे वळण, हवेत फेकलेल्या दगडाच्या मार्गाप्रमाणे, अन्वस्ताचे असते.

वळण संपल्यावर तो कोणत्या दिशेने जातो? येथे निसर्गाने खेळाडूवर मोठी कृपा केली आहे. पाव चेंडूपासून पाऊण चेंडूपर्यंत कितीही भाग झाकून टक्कर झाली, तरी गडगडणारा पांढरा चेंडू आपल्या मूळ दिशेपासून सुमारे तीस अंशच वळतो. अर्ध्या चेंडूच्या टकरीत तो जास्तीत जास्त, म्हणजे चौतीस अंशांच्या जवळपास जातो. तर्जनी आणि मधले बोट फाकवून धरले की साधारण एवढा कोन होतो. चांगले खेळाडू मेजावर अशी बोटे धरून वाट मोजतात. ज्याला हे ठाऊक नाही, तो म्हणतो, "काय नशीब पाहा, बरोबर पुढच्या चेंडूपाशी येऊन थांबला!"

चेंडूला आरंभी कोणती फिरकी मिळावी हे काठीच्या टोकावर ठरते. पूलचा चेंडू सुमारे 57 मिलिमीटर व्यासाचा असतो. मेजापासून 40 मिलिमीटर उंचीवर, काठी आडवी धरून टोला दिला, तर चेंडू न घसरता पहिल्या क्षणापासून गडगडू लागतो. मध्यावर मारला तर आधी घसरतो. मध्याच्या खाली मारला तर उलटी फिरकी घेतो, आणि समोरासमोरच्या टकरीनंतर मारणाऱ्याकडे परत येतो. पण ही उलटी फिरकी बनातीवर वाटेतच झिजत असते. अंतर लांब असेल तर चेंडू पोहोचेपर्यंत ती संपूनही जाते. जोराचा संबंध येतो तो येथे. केवळ दणका देण्यासाठी जोर लावणारे खेळाडू मला कधीच रुचले नाहीत, आणि मेजालाही ते रुचत नसावेत.

बाजूच्या फिरकीबद्दल मात्र नवशिक्यांच्या कल्पना अवास्तव असतात. चेंडूच्या डाव्या-उजव्या अंगाला टोला दिला की टकरीनंतर तो त्या बाजूला वळेल, असे त्यांना वाटते. काठी आडवी असेल, तर टकरीनंतरच्या वाटेवर या फिरकीचा परिणाम अगदी थोडा होतो. तिचे खरे काम मेजाच्या कडेवर. कडेला लागून परतताना मात्र ती चेंडूचा कोन चांगलाच उघडते किंवा मिटवते.

एवढे समजल्यावर नशिबाला जागा कितीशी उरते? थोडी उरते. बनातीवरचा धुळीचा कण, हाताचा कंप, आरंभी फुटणारा चेंडूंचा त्रिकोण. पण विल्सन जोन्स यांनी 1958 साली कलकत्त्यात आणि पुन्हा 1964 साली न्यूझीलंडमध्ये हौशी बिलियर्डचे जगज्जेतेपद मिळवले, ते धुळीच्या कणावर नव्हे. कोणत्याही खेळात वैयक्तिक जगज्जेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय. त्यांचा जन्म पुण्याचा. वीसहून अधिक जागतिक विजेतेपदे मिळवणारे पंकज अडवाणी हेही जन्माने पुण्याचेच. नशीब एकाच माणसाकडे इतक्या वेळा येत नाही.

तेव्हा मनाई खोलीला असावी, खेळाला नसावी. गावच्या वाचनालयाने किंवा एखाद्या दानशूर गृहस्थाने एक मेज निर्मळ जागी, दिवसाउजेडी मुलांना उपलब्ध करून दिले, तर तावेर्नाचे निम्मे आकर्षण आपोआप ओसरेल. मेज महाग असते, हे मला ठाऊक आहे. तोपर्यंत घरोघरी असलेला कॅरमचा पट आहेच. परीक्षेच्या दिवसांत तो माळ्यावर टाकणाऱ्या पालकांनी कृपा करून एका रविवारापुरता खाली काढावा.

मात्र एक सावधगिरी बाळगावी. स्ट्रायकर सुमारे 15 ग्रॅमचा, तर सोंगटी 5 ग्रॅमच्या थोडी वर. वजनातील या फरकामुळे स्ट्रायकर टकरीत आपल्या दिशेपासून वीसेक अंशांपलीकडे वळूच शकत नाही. कॅरममध्ये हात बसलेली मुले पूलच्या मेजावर प्रथम फसतात, त्याचे एक कारण हेच. म्हणून स्ट्रायकर बाजूला ठेवून एक सोंगटी मध्यभागी ठेवा आणि दुसरी सोंगटी टिचकीने तिच्यावर किंचित बाजूला आदळवा. पटावर पावडर पातळ पसरलेली असली की दोन्ही सोंगट्यांच्या रेघा उमटतात. त्यांवर कंपासपेटीतला गुण्या ठेवून पाहा. नंतर टक्कर अधिक ओझरती करा आणि पुन्हा मोजा. मग स्ट्रायकर घ्या आणि तिसऱ्यांदा मोजा. या वेळी गुण्या चालणार नाही, कोनमापक लागेल.